करीच्या दिवशी कर नाही

मी कराडचा विमा एजंट. आरोग्य विमा विकतो, म्हणजे धडधाकट माणसांना सकाळी सकाळी आजारपणाच्या गोष्टी सांगतो. त्यामुळे लग्नाकार्यात माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते.

यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कंपनीने आम्हा एजंटांना सांगलीला बोलावलं. विषय होता विमा कंपन्यांना लागणारा कर. तो आम्हाला कशाला? पण पुण्याहून साहेब आले होते, हॉलचं भाडं भरून झालं होतं आणि हातात भडंगाच्या पिशव्या दिल्या होत्या. बसणं भाग होतं.

साहेबांनी आधी गोड बातमी शिळी करून वाढली. घरगुती आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. तो जाऊनही काही महिने झाले होते. ग्राहक खूश, सरकार खूश. राहिली कंपनी. स्वतःच्या खर्चावर भरलेला जीएसटी तिला पूर्वी वळता करून घेता यायचा, तो आता येईना. बिचारी दुःखी होती. म्हणून आमचं कमिशन कापून तिला खूश करण्यात आलं. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

मग नफ्यावरचा कर. इथे साहेब रंगात आले. ज्या पॉलिसीची मुदत चालू आहे, तिचा माणूस उद्या आजारी पडू शकतो. म्हणून कंपनी त्याच्यापुरती रक्कम बाजूला काढून ठेवते. ती नफ्यात धरत नाहीत, तिच्यावर कर नाही. मुदत सुखरूप संपली की ती नफ्यात येते आणि मग तिच्यावर कर. "सरकार किती समजूतदार आहे बघा," साहेब म्हणाले. मी भडंगातले शेंगदाणे वेचत होतो.

तेवढ्यात फोन थरथरला. काकी. कडेगावजवळ ऊस, दोन म्हशी आणि सत्तरीतले काका सांभाळणारी माझी सख्खी चुलती. मी बाहेर आलो.

"आरं, कंपनीचा मेसेज आलाय. आपल्या विम्यावर कर नाही, आज शेवटचा दिवस, आजच हप्ता भरा. ह्यांनी दोनदा वाचला."

"बराबर हाय की, काकी."

"काय बराबर? आज धडधडीत संक्रांतीची कर हाय. आन् ही म्हंत्यात कर न्हाई! यवढी मोठी कंपनी, तिथं एक कॅलेंडर न्हाई व्हय?"

मी इतका हसलो की दारातला चहावाला बघायला लागला. सरकारचा कर वेगळा आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची अशुभ कर वेगळी, हे तिला सांगायचं सोडून मी तिलाच पुन्हा पुन्हा बोलतं केलं.

"मंग आज भरू का नगो? करीच्या दिवशी पैसं घराभाईर काढायचं म्हंजे..."

"उद्या भर की. काय बिघडत न्हाई. म्हैनाभर सवलत असतीया."

आत जाऊन मी तो किस्सा माइकवर सांगितला. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. इतक्या वर्षांत कंपनीत मला एवढा भाव कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हप्ता भरायच्या आधी, काकी गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. कराडच्या दवाखान्यात तिला मीच नेलं, पॉलिसीची फाईल काखेत मारून, ऐटीत. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, "ही तर काल संपलीय."

सवलतीचा महिना पॉलिसी जिवंत ठेवतो, मोडलेल्या हाडाचा खर्च देत नाही. हप्ता भरेपर्यंत जे घडेल ते ज्याचं त्याने बघायचं. एजंटच्या परीक्षेत हे उत्तर बरोबर लिहून मी पास झालो होतो.

साहेबांचं बोलणं मला तिथे, काउंटरपाशी कळलं. काकीच्या पडण्यासाठी कंपनीने काहीतरी बाजूला काढून ठेवलेलं होतं. करीच्या दिवशी मुदत सुखरूप संपली. आता ते नफ्यात जाणार, त्यावर कर भरला जाणार. काकीच्या खुब्यात सरकारचाही वाटा. फारच समजूतदार.

ऑपरेशनसाठी काकांनी एक म्हैस विकली. मी पैसे पुढे केले ते त्यांनी घेतले नाहीत, रागावलेही नाहीत. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी रोज जात होतो. शेवटी एकदा काकीपाशी म्हणालो, माझं चुकलं.

"तुझं काय चुकलं रं? खरं तर मी त्याच दिवशी भरणार हुते. कर तर कर. ह्यांनी मोबाईल हातात बी घेतला हुता. पर तू लय हसलास बघ. म्हटलं, पोरगं यवढं हसतंय, म्हंजी घाबरायसारखं काय नसंल."