पडद्याची मागची बाजू

आमच्या कारखान्यातला लाकडाचा भुसा रोज झाडून काढता येतो, गिऱ्हाइकांचे किस्से मात्र साठतच जातात. कारखाना कसला, तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीतली आमचीच पुढची खोली. मी घरात ठेवायचे घडीचे पडदे बनवतो. चार लाकडी फळ्या, मधे बिजागऱ्या. हवा तिथे उभा करा, नको तेव्हा मिटून ठेवा. चित्रं माझी अक्का काढते, सोन्याचा वर्ख लावून, आणि दोन्ही बाजूंनी. सगळा तंटा त्या दुसऱ्या बाजूचा आहे.

परवा चेन्नईच्या एका साहेबांनी फोटो पाठवला. पडदा भिंतीला ठोकलेला! चार फळ्यांना आठ स्क्रू! मी फोन करून विचारलं, अहो, मागे अक्कानं पंधरा दिवस खपून कमळं काढलीत, त्यांचं काय? साहेब शांतपणे म्हणाले, "पण मागे कोण बघतं?"

त्यांच्यावर कडी म्हणजे एक इंटिरियर डिझायनर बाई. त्यांना फोल्डिंग स्क्रीन हवा, पण फोल्ड होणारा नको. घडीत धूळ बसते म्हणे! बिजागऱ्याच काढायला लावल्या. मग नुसत्या फळ्या घ्या की बाई, आमचा जीव का खाता? हे अर्थात मनात. हातानं मुकाट्यानं बिजागऱ्या काढून दिल्या, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या आतेबहिणीचं तर विचारूच नका. ओरत्तनाडूला तिनं नवं घर बांधलं, आम्ही हौसेनं पडदा भेट दिला. महिन्यानं गेलो तर पडद्यामागे इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर, आणि मागच्या मोराच्या पिसाऱ्यावर पीठ वाळून खडखडीत! वर मलाच समजावते, "अण्णा, पुढून स्वच्छ आहे ना?" अक्का कॉफी न घेता उठली. आमच्यात कॉफी न घेणं म्हणजे भांडणच.

मी तरी कुठला शहाणा? एकदा घाईघाईत ओलं धोतर पडद्यावरच वाळत टाकलं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण अक्का रागावली की तमिळवर जाते. दोन दिवस माझ्याशी तमिळ, तेही अहो-जाहो करून.

शेवटी ती विटली. गेल्या महिन्यात ब्रश धुता धुता तिनं सांगून टाकलं, आता आणखी एकानं "मागे कोण बघतं" म्हटलं की आपलं काम बंद. नुसती मागची बाजू नव्हे, सगळंच. अक्का बोलते ते करते. 

आणि नेमकं तिरुवैयारूचं गिऱ्हाईक आलं. आपलीच मराठी माणसं. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचा पलंग हॉलमधे, आणि तो पाहुण्यांना दिसू नये म्हणून पडदा हवा. बाप लपवायला पडदा! मागे साधा रंग द्या म्हणाले. अक्कानं मागे आंब्याची फांदी काढली आणि तिच्यावर सात पोपट.

चित्रातले डोळे आम्ही कारखान्यात काढत नाही. पडदा जागेवर उभा राहिला की मगच अक्का डोळे काढते, तशी रीतच आहे. त्याप्रमाणे तिरुवैयारूला पडदा उभा केला. तिनं पुढच्या मोरांचे डोळे काढले, मग पलंगाच्या बाजूला जाऊन खालच्या दोन पोपटांचे. तेवढ्यात मुलगा घड्याळ बघत आला. पाहुणे येतायत, आवरा म्हणाला. आणि वर अक्काला, "पुरे हो अम्मा, मागे कोण बघतं?"

अक्का बाहेर आली. ब्रश पुसला, डबीत ठेवला, झाकण लावलं. 

इतक्यात पडद्यामागून म्हाताऱ्याचा बारीक आवाज आला. "अम्मा, खालून तिसऱ्या पोपटापासून डोळे राहिले." जरा दम खाऊन म्हणाले, "आणि पाचव्याची चोच थोडी लांब झालीये."

अक्कानं झाकण काढलं आणि चोच कुठे लांब झाली ते विचारायला आत गेली.