शाळेतून आणलेली खुर्ची

पुण्यात डॉक्टरकी शिकणारी ती आफ्रिकन मुलगी आरोग्य-शिबिरासाठी वेल्ह्याकडच्या एका गावात आली, तेव्हा दुभाषी म्हणून मला भोरहून बोलावलं होतं. तिचं नाव आता आठवत नाही, चाल आठवते. चढावरही ती थांबायची नाही, धापा मीच टाकायचे.

पाहुणीसाठी गावानं शाळेतून खुर्ची आणली होती. आम्ही घरोघर तब्येतीची विचारपूस करत फिरायचो; एका घरातून निघालो, की खुर्ची पुढच्या घरी हजर. ही मात्र प्रत्येक ठिकाणी ती बाजूला सारून सारवलेल्या जमिनीवर मांडी घालायची. मला राग यायचा. "लोक मान देतात, तो घ्यावा," मी एकदा सुनावलंच.

ती म्हणाली, "आमच्या गावीही परदेशी विद्यार्थी यायचे. ते स्टुलावर, माझी आई खाली. मान वर करून ती उत्तरं द्यायची. मी तेव्हाच ठरवलं होतं."

शेवटच्या घरी गरोदर सून दाराआड उभी होती. प्रश्न तिला, उत्तरं सासूची. पाहुणी मुलगी उठली, खुर्ची सुनेपाशी नेली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सासूसमोर सून बसेना. ही हलेना. चहा निवला.

अखेर सासूच म्हणाली, "बस गं बाई. न्हाईतर ही काय हितनं जायाची न्हाई."

सून टेकली. मग हळूच म्हणाली, "पाय लई सुजत्यात."

मुलगी तिच्या पायांशी खाली बसली आणि सुजेवर अंगठा दाबून पाहू लागली. खुर्ची आणल्याचं चीज झालं.