रद्दीतली सिनेमाची परीक्षणं

२०२२ साल. मी एकाहत्तरचा. श्रीवर्धनात माझं रद्दीचं दुकान, आणि दर रविवारी कॉलेजचा मराठीचा मास्तर चपला बाहेर काढून आत यायचा. रद्दीच्या दुकानात चपला काढणारा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का? आत्ता तो समोर नाही, म्हणून पाठीमागं बोलतो असं समजू नका. तोंडावरही हेच बोलायचो.

"चाचा, एखादं चांगलं परीक्षण असेल तर बघा हो." हे त्याचं पालुपद. बारावीच्या पोरांना सिनेमाचं परीक्षण लिहायला शिकवायचं, त्याला नमुने हवेत. गठ्ठे सोडायचा, कात्री चालवायचा आणि भोकं पडलेले पेपर माझ्या गळ्यात मारून जायचा. भोकाच्या कागदात सुपारी बांधतात काय?

मी चौथी शिकलो, पण वाचता येतं मला. त्यानं निवडलेलं प्रत्येक परीक्षण गुळात घोळलेलं. अभिनय सहजसुंदर, संगीत श्रवणीय, सहकुटुंब पाहावा असा. एकदा मीच एक काढून दिलं. लिहिणाऱ्यानं पिक्चर सोलून वाळत घातला होता. मास्तर अर्धं वाचून म्हणाला, फार लागेल हो कुणाला तरी. कुणाला लागेल? तो हिरो काय माझ्या दुकानात पेपर वाचायला येणार होता?

असल्या माणसाच्या हाताखाली व्हायचं तेच झालं. चाचणीत प्रत्येक पोरानं सिनेमा वेगळा घेतला, वाक्यं मात्र सगळ्यांची तीच. त्याच वर्गातल्या माझ्या नातीनं तर भुताचा पिक्चर सहकुटुंब पाहायला सांगितला. प्रिन्सिपल भडकला. वर्ग दुसऱ्याला देतो, तुम्ही लायब्ररी सांभाळा, म्हणाला.

त्या संध्याकाळी मास्तर कात्री न घेता आला आणि गठ्ठ्यावर बसला. मी दया केली नाही.

"मास्तर, बाजारात बाईला पापलेट घ्यायचं नसलं तर म्हणते, छान हाय, आणि पुढं जाते. घ्यायचं असलं की डोळे बघते, कल्ले उचलते, धा नावं ठेवते. तुम्ही पोरांना नुसतं पुढं जायला शिकवलंत."

त्यानं गठ्ठ्याची सुटलेली सुतळी बांधली. मग म्हणाला, "खरं आहे चाचा. मला नावं ठेवताच येत नाहीत. बायको गेली तेव्हा डॉक्टर उशिरा आला, त्याचेसुद्धा मी आभार मानले." उठून चपला घालत म्हणाला, "घरी कुणी नाही. वर्ग गेला तर मी बोलू कुणाशी?"

माझं टाळकं फिरलं. इतका मऊ माणूस अल्लानं कशाला घडवला, त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी कॉलेजात गेलो. प्रिन्सिपलनं बसा म्हणायच्या आधी बसलो आणि मास्तराला पोटभर नावं ठेवली. भित्रा हाय, गुळचट हाय, जन्मात कुणाला खरं बोलला न्हाय. प्रिन्सिपल खूश झाला, म्हणाला, म्हणजे तुमचंही मत तेच.

मी म्हटलं, "व्हय. आणि माझ्या नातीला मास्तर हाच पाहिजे."