संशयमामांचा खरा दगड

चहा पुढे आला की संशयमामा आधी तो हुंगायचे. आमच्या भिवंडीतल्या शाळेच्या प्रयोगशाळेचे ते परिचर; मी तिथे गणित शिकवायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलं त्यांना नुसतं मामा म्हणत, 'संशय' मी जोडला. "बाई, संशयाने कोणी मेलं नाही. विश्वासाने मेलेले दाखवतो," असं ते मला सुनवायचे.

त्यांना नाद दगडांचा, आणि तोही स्वभावाला साजेसा. जमिनीत कधीकधी एक स्फटिक हळूहळू विरतो आणि दुसरंच खनिज त्याच्या जागी, त्याच्याच आकारात बसतं. "दिसायला चुन्याचा स्फटिक, निघते गारगोटी. घर एकाचं, राहतो भलताच!" असा खडा मिळावा म्हणून त्यांनी यंत्रमागावरच्या सुताच्या कोनांची रिकामी खोकी दगडांनी भरली होती. प्रत्येक दगडाला चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी प्रश्नचिन्ह.

धामणकर नाक्यावर कोणी खडा विकला की मामा रविवारी तो घेऊन वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जात. लोक पुण्यासाठी डुबकी मारत, हे दगड भिजवत. तुकडे डिंकाने चिकटवून बनवलेला नकली खडा असेल तर गरम पाण्यात सुटतो म्हणे. मी हसले की म्हणायचे, "देवीसमोर खोटं टिकत नाही, बाई. मी देव मानत नाही, पण गरम पाणी मानतो."

बरकू तिकडच्याच खाणीत दगड फोडायचा. सुरुंगानंतर काही चांगलं दिसलं की फडक्यात बांधून आणायचा, आणि चहापलीकडे कधी काही घ्यायचा नाही. फुकट आणतो म्हणून तर मामांना त्याचा जास्तच संशय.

एकदा त्याने मुठीएवढा खडा आणला. आकार अगदी चुन्याच्या स्फटिकाचा. मामांनी बुडाशी आम्लाचा थेंब टाकला आणि तो फसफसला. म्हणजे साधा चुनाच! "नेहमीचाच दगड दुर्मीळ म्हणून खपवतोस? मला फसवतोस?" मामा माझ्यादेखत ओरडले. बरकू शांतपणे म्हणाला, "दगराला तपासा मामा, मानसाला कशाला तपासता? मी काय दगर हाय?" चहा तसाच ठेवून तो गेला.

रागारागात मामांनी खडा आम्लात बुडवून ठेवला. विरघळू दे एकदाचा! दुपारी पाहिलं, तर फक्त बुडाचा थर गेलेला. बाकी खडा जसाच्या तसा, त्याच्या कडेने काचेवर चरचरीत ओरखडा उठला, जो चुन्याने कधी उठत नाही. गारगोटी! जुन्या स्फटिकाचा तेवढाच तुकडा बुडाशी उरला होता, तोच फसफसला होता. आयुष्यभर शोधलेला दगड समोर होता, आणि शेजारी बरकूचा न प्यालेला चहा.

बरकू पुन्हा आला नाही. खाण बंद पडली होती. वर्षभराने कळलं, तो कशेळीला गोदामात हमाली करतो. मामा मला सोबत घेऊन गेले. एकट्याने जायची हिंमत नव्हती. पाठीवर गोणी घेतलेल्या बरकूसमोर त्यांनी खडा धरला आणि एवढंच म्हणाले, "खरा आहे रे."

"मना ठाव व्हता," बरकू म्हणाला. "तुमालाच न्हवता." आणि गोणी सावरत आत गेला.

परतताना मामा खडा मुठीत धरून पुढे चालत होते. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही.

निवृत्त होताना त्यांनी तो खडा माझ्या हातात ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बरकूने दिला.' पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.