पलटणीतला बायकांचा वर्ग

बायको गेली त्याला महिना झाला नव्हता आणि साहेब बदलापूरजवळ खरवईला माझ्या घरी आले. चहा प्यायले आणि म्हणाले, "हवालदार, वहिनींच्या नावाने काहीतरी करू या."

मी म्हटलं, "जिवंत होती तेव्हा तर तिला वर्गातून हाकललंत."

ते हसले. असं हसून सोडून देणं त्या माणसाला चांगलं जमतं.

हा साहेब पलटणीत शिक्षणाचा अधिकारी होता आणि मी त्याच्या हाताखाली. मी सातवीपर्यंत शिकलेला, शिकवणं माझं काम नव्हतंच. जवानांना धरून वर्गात बसवायचं, हजेरी घ्यायची, बाकं लावायची. बढतीसाठी जवानाला परीक्षा पास करावी लागते, म्हणून ते तरी येत. पण साहेबाला वरून शाबासकी हवी होती. त्याने जवानांच्या बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला आणि हुकूम सोडला: जी गैरहजर, तिच्या नवऱ्याची रजा बंद. बायका आल्या. येणारच. पुढे सुभेदाराची बायको, मागे हवालदारांच्या, पार भिंतीला टेकून शिपायांच्या. बसवायला मीच.

माझी बायको बारवी धरणाकडच्या पाड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी उभी राहून म्हणाली, "साहेब, आमी नाय आलो तर सजा नवऱ्याला. मग आमी शिकलो तर बढती बी त्यालाच काय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब लाल झाला. "हिला बाहेर काढ," मला म्हणाला. मी हलायच्या आधीच ती निघाली होती. जाता जाता मला म्हणते, "तुमी बसा. तुमाला शिकायची लय गरज हाय."

माझी रजा बंद झाली. त्यातच तिची आई गेल्याची तार आली. मी साहेबापुढे जाऊन उभा राहिलो. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणाला. ती दोन पोरं घेऊन एकटी निघाली. पाट्या वाचता येत नव्हत्या, माणसांना विचारत विचारत गेली. पोचली तेव्हा राख सावडूनसुद्धा झाली होती. त्यानंतर तिने पाटी-पेन्सिल जवळ येऊ दिली नाही. मरेपर्यंत अंगठाच. बँकेतल्या पोरीने तोंड वाकडं केलं की म्हणायची, "माझाच हाय ना? मग घे की."

पुढे उल्हासनगरला एका हॉलमध्ये साहेबांचा कार्यक्रम झाला. माजी सैनिकांच्या बायकांसाठी वर्ग, तिच्या नावाचा. फोटो पोराने मला न विचारता दिलेला. फोटोला हार आणि खाली मोठ्या अक्षरात: 'आमच्या वर्गात अक्षर शिकलेली पहिली जवानपत्नी.'

मी साहेबाला बाजूला घेतलं. "हे वाक्य काढा."

"अहो, बायकांना प्रेरणा मिळते. थोडं इकडेतिकडे चालतं."

"ती तुमच्या वर्गात शिकली नाही. तुमच्या वर्गामुळेच शिकायची राहिली."

"हवालदार, तमाशा नको. बसा तिकडे."

मी सरळ गेलो आणि फोटो उतरवायला लागलो. पोरगा धावत आला, "बाबा, लोक बघतायत!" साहेब माइकवर म्हणाले, "वय झालंय, दुःखात आहेत, समजून घ्या."

ते मला लागलं. मी त्याच्या हातातून माइक घेतला. म्हटलं, "दुःखात आहे, खरं आहे. पण ही बाई अंगठाछाप मेली, आणि ह्याच माणसाने तिला वर्गाबाहेर काढलं होतं. तुम्हाला शिकायचंय तर शिका, चांगलंच आहे. तिचं नाव इथे लागणार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी तेवढी खुदकन हसली. साहेबाने पोराकडे बघितलं, पोराने मान खाली घातली. नाव असलेला फलक त्यांनी वळवून भिंतीला लावला आणि फीत तशीच कापली.

पोराच्या गाडीत फोटो मांडीवर घेऊन बसलो. अंबरनाथ आलं. मग म्हणाला, "आईला आवडलं असतं, बाबा."

"तुझ्या आईला आज त्याने विचारलं असतं ना, तर भर हॉलमध्ये शिव्या खाल्ल्या असत्या."

"तुम्हाला फक्त भांडायचं असतं."

"हो. तिच्यासाठी तेव्हा भांडलो नाही, म्हणून आता."

पोराने काच खाली केली आणि बदलापूर येईपर्यंत वर घेतली नाही.