लाल बटणाला हार

पाथरी रोडवरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर थांबलं की रुई केसांत, कानांत, डब्यातल्या भाजीतही साचते. किस्सेही तसेच साचतात. कामगारांना धोके समजावून सांगणं आणि ते त्यांना खरंच समजले का हे तपासणं, ही माझी नोकरी. यातलं दुसरं काम जास्त अवघड आहे, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

*

पहिल्या ट्रेनिंगनंतर मी तोंडी परीक्षा घेतली. मशीन चालवणाऱ्या सखाराममामांना विचारलं, "गळ्यात गमछा का ठेवायचा नाही?"

"पट्ट्यात अडकतो. माणूस आत वढला जातो."

अगदी बरोबर उत्तर. ते देताना मामा गमछ्याने घाम पुसत होते.

"मग काढा ना तो."

"परीक्षा झाली न्हवं, म्याडम?"

*

रुई नाकात जाते म्हणून गमछा लागतो, असं मामांचं म्हणणं पडलं. मी भांडून मास्क मागवले. दुसऱ्या दिवशी मामांनी मास्क लावला होता. तो घसरू नये म्हणून वरून गमछा बांधला होता.

*

पुढे मी आत शिरले की एकाच्याही गळ्यात गमछा दिसेना. मी खूश. मग मॅनेजरने सांगितलं, "तुमची स्कूटी दिसली की वॉचमन शिट्टी मारायलाय."

मी वॉचमनला जाब विचारला.

"धोका दिसला की शिट्टी मारायची, असं तुमीच शिकवलं की."

*

शेवटी मी सगळा जोर एकाच गोष्टीवर लावला. मशीनशेजारचं लाल बटण. "हे दाबलं की मशीन जागेवर थांबतं. हेच तुमचा जीव वाचवणार."

एवढं वाक्य मात्र सगळ्यांना भिडलं. खंडेनवमीला गेले तर बटणाला हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. मशीनमध्ये कापूस टाकणाऱ्या गयाबाईंनी मला अडवलं. "पायातलं काढून जावा, म्याडम."

"गयाबाई, इथे बूट सक्तीचे आहेत."

"हाईत की. पर बटणापाशी न्हाई."

हार मी काढायला लावला. कुंकू राहिलं.

*

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली. एका दुपारी मी गेटमधून आत आले आणि शिट्टी वाजली. मामांनी घाईघाईने गमछा ओढून काढायला घेतला. त्याचं एक टोक उडालं आणि पट्ट्यात गेलं.

मामांची मान खाली जायला लागली. मी दारातून नुसती ओरडत होते. गयाबाई बटणाजवळच उभ्या होत्या. त्यांनी एक बूट काढला. मग दुसरा काढला. मग बटण दाबलं.

मशीन थांबलं. मामांची हनुवटी आणि पट्टा यांत वीतभर अंतर उरलं होतं. गमछा कापून त्यांना सोडवलं. मामा पाणी प्यायले, मानेवरून हात फिरवला आणि गयाबाईंकडे वळले.

"गयाबाई, उद्यापासनं अनवाणीच येत जा."