कॉपी न होणाऱ्या सीड्या

कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक ते पिशवीत घालूनच आणतं. नाशिकला शरणपूर रोडवर माझं आणि मिलिंदचं छोटंसं दुकान होतं. सीडीचा जमाना. अर्धं नाशिक सीडी कॉपी करायला आमच्याकडे यायचं आणि सीडी काढणारे ती कॉपी होऊ नये म्हणून तिला ‘लॉक’ लावायचे. मधे आम्ही!

*

पहिली लॉकवाली सीडी आली ती एका गेमची. कॉपी तीन टक्क्यांवर जायची आणि थांबायची. मिलिंदला वाटलं, सीडी खराब आहे. त्याने ती रुमालाने पुसली, साबणाने धुतली, शेवटी टूथपेस्ट लावून घासली. पुन्हा तीन टक्के!

मग मी कुठेतरी वाचलं, की कॉपी करणारा अडकावा म्हणून कंपनीच सीडीत मुद्दाम खराब भाग ठेवते.

मिलिंद मटकन खाली बसला. “म्हणजे मी तासभर कंपनीचं डिझाइन घासत होतो?”

*

पुढे असली लॉकं चुकवणारं एक सॉफ्टवेअर हाती लागलं. पण ते स्वतःच एकवीस दिवसांचं ट्रायल! मुदत संपली तसा मिलिंदने तोडगा काढला. कॉम्प्युटरची तारीखच दोन महिने मागे नेली. सॉफ्टवेअर खूश.

दुसऱ्या दिवशी शेजारचे गुरुजी एका तान्ह्या बाळाची पत्रिका काढायला त्याच कॉम्प्युटरवर बसले. तीनदा माहिती भरली, तीनदा एरर. चष्मा पुसत मला म्हणाले, “अरे, बारशाची आमंत्रणं गेली, आणि हा म्हणतो बाळ अजून जन्मलंच नाही!”

*

एका क्लासच्या सरांनी आपल्या गणिताच्या लेक्चरची सीडी काढली. पोरं एकमेकांना फुकट वाटतील म्हणून आमच्याकडून कडक लॉक लावून घेतलं. महिन्याभरात सरांचा कॉम्प्युटर बसला आणि घरातली एकुलती एक सीडी खुर्चीखाली येऊन तडकली. बिचाऱ्यांनी वर्गातच विचारलं, “कुणाकडे आपली सीडी आहे का रे?”

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी उभी राहिली. “आहे ना सर! कॉपीवर कव्हर कलर हवं की ब्लॅक अँड व्हाइट?”

*

एकदा चांदवडहून एक आजोबा आले. पिशवीत नातीच्या लग्नाची डीव्हीडी. कॉपीसाठी लोकांनी आपल्याकडेच यावं म्हणून शूटिंगवाल्याने तिला लॉक लावलेलं, आणि आता तो धंदा बंद करून कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही.

“आमची मंडळी गेली मागल्या साली,” आजोबा म्हणाले. “ह्याच्यात बोलती ती. आता अडकाया लागलीय. दुसरी काढून द्या, लय उपकार होतील.”

पहिली कॉपी फसली. दुसरीही. मिलिंदने अगदी कमी स्पीड लावून तिसरी सुरू केली. दुपारभर आम्ही तिघं चहा पीत टक्के बघत बसलो. नव्वदला मशीन घुरघुरलं तेव्हा आजोबांनी डोळे मिटून हात जोडले. शंभर!

खात्री करायला लावून पाहिली. मांडवात फोटोसाठी सगळे उभे. काठापदराच्या लुगड्यातल्या आजी दिसल्या आणि खणखणीत आवाज आला, “अवो, पोट आत घ्या जरा! फोटू काढत्यात!”

आम्ही हसत मागे वळलो. आजोबा स्टुलावर ताठ बसले होते, पोट आत घेऊन.